खाचेतलं ढेकूळ

६ जुलै

बसला! एक्केचाळीस नंबर खाचेत बसला!

माझ्या गाइड मॅडमचा मेल आला तेव्हा मी आईच्या गुडघ्याला शेक देत होते. ऑपरेशन झालेला पाय, त्यावर पिशवी तशीच टाकून खळ्यात धावले. रेंज फक्त तिथेच येते. आई मागून ओरडतेय — "गो, भाजता मां माका!"

लॅबमधल्या शेल्डनने आमचे एन्झाइमचे स्फटिक इंदूरला नेऊन क्ष-किरणांत धरले होते, त्यातून निघालेला नकाशा मॅडमनी पाठवलाय. लेप्टोच्या, चिखलातून येणाऱ्या त्या तापाच्या, जंतूचं एन्झाइम. त्याच्या मधोमध ती खाच, जिच्यापायी माझी पीएचडी रखडली. आणि खाचेत निळ्या जाळीचं एक ढेकूळ! तिथे आमचा एक्केचाळीस नंबरचा रेणू अडकला की एन्झाइमचं काम बंद. ते बंद की जंतू मेला. निदान कागदावर तरी.

बाबांना सांगितलं. "म्हणजे औषध गावला?" मी म्हटलं, "औषधाचा रेणू सापडला, बाबा." "ताच ता!" म्हणाले आणि शर्ट चढवून बाहेर पडलेसुद्धा. खाचेपासून गोळीपर्यंत दहा-दहा वर्षं जातात, आणि बहुतेक रेणू वाटेतच मरतात. हे सांगायला हवं होतं. पण गेल्या लावणीत वाडीतला धडधाकट माणूस लेप्टोने गेला, बाबांनी त्याला खांदा दिला होता. आज त्यांचा चेहरा बघून माझी जीभच वळली नाही. शिवाय मलाही ते ऐकायला बरं वाटलं. खोटं कशाला लिहू?

७ जुलै

मॅडमचा मेल पुन्हा वाचला. तीन उद्गारचिन्हं! प्राजक्ता मॅडमनी मला आजवर कधी "बरं" याच्या वर काही लिहिलेलं नाही. काहीतरी शिजतंय.

संध्याकाळी ऑनलाइन मीटिंग. मॅडमनी विचारलं, "सगळ्यांना दिसतोय ना रेणू?" सगळे हो म्हणाले. मीही म्हणाले. पेपर महिनाअखेर पाठवायचाय म्हणे. नावांचा क्रम काय, तो विषय मात्र कुणीच काढला नाही. मीही नाही. कान टवकारून बसले होते.

८ जुलै

बाबांनी कमाल केली! नारळ घेऊन देवळात गेले, मलाही ओढलं. गुरवाकडून स्वतःच्या नावाने गाऱ्हाणं घातलं — "बा देवा रवळनाथा, धोंडूच्या चेडवान तापाचा औषध शोधून काढल्यान हा, तेका यश दी आणि गावाक राख रे म्हाराजा!" आणि सगळी वाडी एका सुरात, "व्हय म्हाराजा!" शेजारची नर्मदाकाकी सगळ्यांत मोठ्याने.

मेल्याहून मेल्यासारखं झालं. तरी हात जोडून उभी राहिले आणि प्रसादाचं खोबरं खाल्लं.

१० जुलै

ढेकूळ मला आवडत नाही.

एक्केचाळीसला शेपूट आहे. ढेकळाला नाही. प्रोग्रॅममध्ये जाळीची पातळी खाली ओढली की शेपटासारखं काहीतरी उगवतं खरं. पण तेवढी खाली ओढली तर कुठेही काहीही उगवतं! मी मुद्दाम रिकाम्या कोपऱ्यात जाऊन पाहिलं, तिथेही एक शेपूट सापडलं.

मग विचार आला, शेल्डनने स्फटिक रेणूच्या द्रावणात बुडवले तरी होते का? एक्केचाळीसची बाटली लॅबमधल्या माझ्या कप्प्यात, मागच्या बाजूला. मी इथे मालवणात. त्याने मला कधी विचारलंच नाही ती कुठे आहे! मग बुडवलं कशात?

फोन केला. शेल्डन आमच्या कुडाळचाच, मॅडमशी फाडफाड इंग्रजी आणि माझ्याशी मालवणी. म्हटलं, न बुडवलेल्या स्फटिकाचाही डेटा घेतला होतास ना, तो पाठव. तुलना करते.

"धाडतंय गो. कित्याक घाई?"

घाई कशाला म्हणे! ज्याला लपवायचं असतं तोच असं विचारतो. बाटलीचं विचारलं तर म्हणाला, मॅडमनी काढून दिली. मॅडमना माझा कप्पा कसा माहीत?

११ जुलै

आशाताई किशोरी आली होती. लावणीच्या दिवसांत चिखलात उतरणाऱ्यांना दर आठवड्याला गोळ्या देते, लेप्टो होऊ नये म्हणून. बाबांनी तिच्यासमोर तोंडात टाकल्या, वर पाणी प्यायले. एवढे गुणी कधीपासून? मागोमाग गेले. परड्यात माडाच्या बुंध्याशी थुंकून टाकत होते!

"बाबा!!"

"घरात औषध आसा मां आता! ह्यांनी पोटात जळता."

किशोरीला वाटेत गाठून दुसऱ्या गोळ्या आणल्या आणि पेजेबरोबर समोर बसवून गिळायला लावल्या. मग एकदाचं सांगितलं. औषध झालेलं नाही. झालं तर कितीतरी वर्षांनी. आणि आता तर तो रेणू खाचेत आहे की नाही याचाच मला संशय आहे.

बाबांनी पेजेची ताटली बाजूला सरकवली. मग हळूच, "वाडीत नको हां सांगा. माका हसतले."

मी म्हटलं, बरं. शेल्डनचा डेटा आला की पक्कं कळेल, मग बघू. बाबांची लाज राखायला मी गप्प बसले असं स्वतःला सांगतेय. त्यात माझी किती आणि त्यांची किती, देव जाणे.

१२ जुलै

डेटा नाही. शेल्डन फोन उचलत नाही. मासळीवाली "एकदम ताजी" सुरमई घेऊन आली. होड्या बंद आहेत जूनपासून! घेतली नाही.

१३ जुलै

शेताच्या मेरेवर, बांधावर, नर्मदाकाकी भेटली. गुडघ्यापर्यंत चिखल, टाचांना ह्या एवढाल्या चिरा. "काय गो डाक्टरणी! आमका आता कसली भीती?" आणि खो खो हसली.

टोमणा होता. नक्की टोमणा. बाबांनी कुणाकडे तरी बोलून टाकलं असणार आणि वाडीभर झालं असणार. तोंड फिरवून घरी आले. शेल्डनला सात मेसेज टाकले. मी खुळी नाही.

१४ जुलै

डेटा आला.

न बुडवलेला स्फटिक. ज्याने एक्केचाळीसचा थेंबही पाहिलेला नाही. त्याच्या खाचेत तेच ढेकूळ. त्याच जागी, तेवढंच.

म्हणजे ते आमचं नाहीच. स्फटिक ज्या द्रावणात वाढवले त्यातलंच काहीतरी तिथे जाऊन बसलंय. रेणू कधी खाचेत गेलाच नव्हता.

खळ्यात पायरीवर बसून राहिले. रडू आलं नाही, राग आला. शेल्डनचा फोन आला तर आधी तोच फाडून खाल्ला. चोरी केलीस, लपवलंस, काय वाट्टेल ते बोलले. मग तो म्हणाला —

"माका इंदूरातच तसा वाटला होता गो. पण मॅडम इतकी खूश. मगे तूय इतकी खूश. खयच्या तोंडान सांगू?"

फोन ठेवला. मीही पहिल्याच दिवशी पातळी खाली ओढून शेपूट पाहिलं होतं. दहा तारखेला नव्हे, सहालाच. इथे लिहिलं नव्हतं.

१५ जुलै

मॅडमना दोन्ही नकाशे शेजारी शेजारी लावून पाठवले. उत्तर — "बरं. पेपर थांबवते." उद्गारचिन्ह नाही. हायसं वाटलं!

बाबांनाही सांगितलं. येत्या सोमवारी देवळात आपण दोघं जाऊन सांगायचं. "हसूंदेत," म्हणाले. आईने दोघांना चहा दिला, वॉकर धरून, स्वतः उठून. कितीतरी दिवसांनी शेल्डनशी नीट बोलले. खाचेच्या कडेला अजून एक जागा आहे, त्याच्याही डोक्यात तीच होती. सोमवारपर्यंत थोडं वाचून काढते.

१६ जुलै

सकाळी नर्मदाकाकी दारात. हातात रिकामी वाटी.

"स्वप्ना, वायच औषध दी गो. भाईक तीन दिस ताप आसा."

भाई म्हणजे तिचा नवरा. धावत गेले. डोळे लालभडक, पोटऱ्या धरून विव्हळत होते. किशोरीच्या गोळ्या?

"त्यो आता कोणी घेवक नाय. तुझा औषध इला मां!"

कोणी म्हणजे? "आमच्या वाडीत कोणीच नाय गो."

बाबा पहिल्याच दिवशी घरोघर सांगत सुटले होते. किशोरीला फोन केला, ती निघाली. मी रिक्षातून भाईंना रुग्णालयात आणलं. आत इंजेक्शनं सुरू आहेत. किडनीचं उद्या कळेल म्हणतात.

बाहेर बाकावर काकीला सगळं सांगितलं. औषध नाही. कधी झालंच नव्हतं. मला कळलं तेव्हाही मी बोलले नाही. शिव्या देईल म्हणून मान खाली घालून बसले होते. तिने पदराने माझंच तोंड पुसलं.

"नाय झाला तर आता कर गो बाय. मी हयसरच बसलंय."