खुंटीवरची माळ

आई, तुला वाचता येत नव्हतं, तरी लिहितेय. दिवसभर मायक्रोफिल्मच्या यंत्रापुढे बसून मान आखडली आहे. सव्वाशे-दीडशे वर्षांपूर्वी अमेरिकेत दारूबंदीची चळवळ झाली, तिच्यावर माझा प्रबंध चालू आहे. जुनी वर्तमानपत्रं, सभांचे वृत्तान्त, दारू सोडल्याच्या शपथा. पुरुष उठतो, शपथेवर सही करतो, टाळ्या पडतात आणि बातमी संपते. पुढे त्याच्या घरी काय झालं, हे कोणी छापत नाही. वीट आलाय मला त्या टाळ्यांचा.

आपल्याकडे सहीऐवजी माळ होती. पन्नास सालानंतरचे ते दिवस. सरकारची दारूबंदी कागदावर आणि हातभट्टी ओढ्यापलीकडे. बाबा पिंपरीच्या नव्या कारखान्यात लागले आणि पगाराबरोबर पिणंही वाढलं. तू त्यांना आळंदीला नेऊन तुळशीची माळ घालायला लावलीस. माळकऱ्याला दारू वर्ज्य, मटण-मासळीही वर्ज्य. गावानं कौतुक केलं. थोड्याच दिवसांत बाबांनी पळवाट काढली. प्यायला जाताना माळ खुंटीला अडकवायची, आल्यावर पुन्हा गळ्यात. खुंटीवर माळ दिसली की तू आम्हाला लवकर जेवायला वाढायचीस.

एका संध्याकाळी तू ती खुंटीवरून काढून स्वतःच्या गळ्यात घातलीस. बाबा आले, खुंटी चाचपू लागले.

"माजी माळ कुठं हाय?"

"माझ्या गळ्यात हाय. देवाला फसवायचं न्हाई. तुमास्नी जमत न्हाई, तर मी पाळते."

मला वाटलं, आता तरी लाजतील. ते हसले आणि मोकळेच झाले. शेवटपर्यंत पीत राहिले. सुटली ती तुझी सुकट, तुझ्या जिवाची आवड. त्यांना मात्र करून घालायचीस आणि चव घेता येत नाही म्हणून चुलीपाशी मला हाक मारायचीस, "मीठ बघ गं."

तेव्हा तुझा राग आला होता. अजूनही येतो. माळ त्यांची आणि पथ्य तुझं, हा कुठला न्याय? सर म्हणतात, चळवळ यशस्वी झाली की नाही, ते स्पष्ट लिहा. माझा हात चालत नाही. त्या शपथांच्या ढिगात मी एखाद्या घरची बाई शोधतेय आणि ती सापडत नाही. फार दमलेय गं.

हे पत्र टाकायचं तरी कुठे? राहील प्रबंधाच्या कागदांत. एवढंच सांगते, काल सुकट केली. मी काही माळकरी नाही, तरी चमचा तोंडाशी नेला नाही. "मीठ बघ गं," म्हणून गेले. घरात कोणी नव्हतं.