कणकेची अक्षरं

१२ जानेवारी, सोमवार

खाल्ली! सगळी कणीक खाल्ली पोरांनी.

काल चर्चमधून आल्यापासून मळत बसले होते. गव्हाचं पीठ, मूठभर मीठ, थोडं तेल. अर्ध्या गोळ्यात जास्वंदीच्या फुलांचं पाणी घातलं, तर काय सुंदर लाली चढली! मनात म्हटलं, फळ्यावरून डोक्यात शिरत नाही ते बोटांतून शिरेल. पहिलीचा वर्ग, जमिनीवर दाटीवाटीनं बसलेली पोरं, एका खडूवर किती दिवस काढायचे? ओढ्याकाठची माती फुकट होती, पण कॉलरामुळे हेडसरांनी ओढ्यावर जायलाच बंदी केली आहे. म्हणून कणीक.

"आज आपण 'ए' वळायचा," म्हणाले. पुढच्या रांगेपाशी वाकून दाखवलं. मान वर केली तर मागच्या रांगा चावतायत!

"अरे खारट आहे! खाऊ नका!"

सेकानी म्हणतो, "खारट आहे म्हणून तर छान लागतंय, मॅडम."

काय बोलणार? पावसाचे दिवस. घराघरातली मक्याची कोठारं झाडून झालेली, नवा मका अजून कंबरेलाही लागत नाही. शाळेत सकाळी पेज मिळते, तेवढ्यावर कितीतरी पोरं दिवस काढतात.

भिंतीजवळ टोवेरा बसली होती. तिनंही खाल्ली. मग बोटं चाटत राहिली.

१३ जानेवारी

टोवेराला उलट्या. मिठानंच! कुणाकुणाची पोटं दुखली, पण तिची जास्त.

तिचा बाप चिरवा तिला हाताला धरून शाळेच्या दारात आला. तळ्यावर मासे धरतो. कधी आवाज चढवत नाही, आज चढवला.

"मॅडम, हिचं पहिलीत तिसरं वर्ष. एक अक्षर आलं का? नाही आलं तर नाही आलं, पण विष कशाला घालता?"

टोवेरा शेजारी गुडघ्यांवर बसली होती, मान खाली घालून. आमच्या मुली मोठ्यांपुढे बसतात तशी. मी माफी मागितली. तो ऐकतच नव्हता.

"ईस्टर झाला की शहरात, मझुझूला पाठवतो, माझ्या बहिणीकडे. तिला बाळ झालंय. अक्षरं नाही तर नाही, पोर तरी पाठीवर घेऊन फिरेल."

ईस्टरपर्यंत! नऊ वर्षांची पोर. हिची आई एस्नात चर्चच्या गाण्यात माझ्या शेजारी उभी राहायची, माझा सूर चुकला की कोपरानं ढोसायची. बाळंतपणाला जिल्ह्याच्या हॉस्पिटलात गेली, ती परत आली नाही. तिच्या पोरीला मी एक अक्षर शिकवू शकत नाही!

१४ जानेवारी

हेडसर कुम्वेंडांनी बोलावलं. "कणीक बंद. लोक उपाशी आहेत आणि आपण अन्नाच्या बाहुल्या करतो. उद्या पालक-समिती मला उलटं टांगेल."

पातेल्याशी पेज शिजवणारी न्यामुंथाली उभी होती. मुद्दाम मोठ्यानं म्हणाली, "माझी पेज पाण्यासारखी झालीय, आणि मॅडमकडे पीठ उतू चाललंय!"

ती खोटं थोडीच बोलत होती?

२० जानेवारी

फळा. ए, ए, ए. सगळी पोरं माझ्या मागून ओरडतात. पुसलं की संपलं.

२६ जानेवारी

उरलेल्या पिठात आज कडुनिंबाचा पाला वाटून घातला. असा कडू की वास आला तरी तोंड वाकडं व्हावं. शाळा सुटल्यावर मागे पडलेली पाच-सहा पोरं थांबवून घेतली, दार लोटलं. हेडसरांना विचारलं नाही. विचारलं असतं तर नाहीच म्हणाले असते.

सेकानीनं तरी जीभ लावून पाहिली. थुंकला. "मॅडम, तुम्ही आता वाईट झालात!"

मी 'टी' वळून प्रत्येकापुढे ठेवला. एक उभी वळी, वर एक आडवी. "हा टोवेराचा टी." टोवेरानं तो उचलला. अंगठ्यानं वरपासून खालपर्यंत चाचपला, पुन्हा चाचपला. मग स्वतःचा वळला. सरळ, देखणा, माझ्याहून चांगला! तीन वर्षांत पहिल्यांदा!

मी लगेच पुढचा गोळा तिच्या हातात दिला. बोलले असते तर रडले असते.

२९ जानेवारी

ओ, ए, आय, एम. सगळी वळते! गोळा हातात घेतला की ही पोर वेगळीच होते. दुसऱ्यांची अक्षरं चाचपते आणि चुका काढते — "सेकानी, तुझ्या एमचा पाय मोडलाय." सेकानीचं तोंड बघण्यासारखं झालं होतं.

आहे, आहे डोकं हिला! उद्या हेडसरांना दाखवते. मग चिरवाकडे जाते.

३० जानेवारी

कशाला दाखवायला गेले!

हेडसरांनी कणीक बघितलीच नाही. खडू घेतला, फळ्यावर मोठा 'टी' काढला. "बोल." मागून कुणीतरी पुटपुटलं, ते तिनं चुकीचं ऐकलं आणि "डी" म्हणाली. पोरं हसली. त्यांनी 'ओ' काढला. "बोल." ती "टी" म्हणाली.

"मॅडम, हिला कणीक पाठ झालीय, अक्षर नाही," हेडसर म्हणाले. रागावले नाहीत. रागावले असते तर बरं झालं असतं. "नसत्या आशा लावू नका. बापाला आणि पोरीलाही."

घरी येऊन मक्याच्या पिठाचा न्सिमा ढवळत बसले. खाली लागला. तसाच खाल्ला.

३ फेब्रुवारी

लिहवत नाही, तरी लिहिते.

आज सगळे गेल्यावर टोवेराला थांबवलं. मी दारात उभी, ती वर्गाच्या मध्यावर. हातात कणकेचा 'ओ' धरला, चांगला पोळीएवढा. "हे काय आहे?"

ती गुडघ्यांवर बसली, मान खाली.

"वर बघ टोवेरा. माझ्या हातात काय आहे?"

"काय आहे, मॅडम?"

"तूच सांग."

मग हळूच — "तुमच्या हातात काही आहे का?"

जवळ गेले. हनुवटी धरून तोंड दाराच्या उजेडाकडे केलं. दोन्ही डोळ्यांच्या बाहुल्यांवर सायीसारखं पांढरं! काळं बुबुळ असावं तिथे राखाडी धुकं.

"मी कुठे उभी आहे, सांगता येईल?"

"आवाज येतो तिथे, मॅडम."

फळा तिनं कधी बघितलेलाच नाही. तीन वर्षं ती माझा आवाज ऐकत होती आणि शेजारच्यांचं पुटपुटणं. मुलगी गुणी, मोठ्यांपुढे मान खाली घालणारी, वर कधी बघत नाही म्हणून सगळे कौतुक करायचे. मीसुद्धा. कुणी तिच्या डोळ्यांत बघितलंच नाही!

४ फेब्रुवारी

सकाळीच तळ्यावर गेले. चिरवा जाळं विणत होता.

"आंधळी? माझी पोर? पाणी आणते, उसिपा मासे वाळत घालते, अंधारात वाट चुकत नाही!"

"अंधार आणि उजेड तिला सारखाच आहे, म्हणून चुकत नाही. लहानपणापासून हळूहळू दिसणं गेलं असेल, तिलाही कळलं नसेल. चिरवा, यावर इलाज असतो. हॉस्पिटलात—"

त्यानं जाळं खाली टाकलं. "तिची आई चालत गेली होती हॉस्पिटलात. आणताना झोळी करून आणली आम्ही. आता ही पण नेऊ?"

"मी येते बरोबर. मी तिच्याजवळ थांबते."

"आधी म्हणालात शिकेल. मग म्हणालात कणकेनं शिकेल. आता म्हणता आंधळी आहे. मॅडम, तुम्ही माझ्या पोरीला सोडा."

वाळूत उभीच राहिले. तो होडीत बसून गेला.

६ फेब्रुवारी

आरोग्यकेंद्रातली नर्स म्हणते, डोळ्यांचा माणूस पाऊस संपल्यावर येतो. पाऊस कधी संपणार? खांदे उडवते. "मोठ्या शहरात न्या." बाप सोडत नाही, कशी नेऊ?

रविवारी प्रार्थनेनंतर पुन्हा त्याच्याकडे जाईन. पाद्रीसाहेबांना बरोबर घेईन. हात जोडेन, पाया पडेन, काय वाटेल ते करेन.

८ फेब्रुवारी, रविवार

चर्चमध्ये चिरवा नाही, टोवेरा नाही. घरी गेलो तर चिरवा एकटाच. बहीण काल संध्याकाळी आली, पहाटेच्या पिकअपवर बसून पोरीला घेऊन गेली! ईस्टरपर्यंत थांबायला तयार नव्हती म्हणे. "तिला घाई होती, बाळ रडकं आहे."

पाद्रीसाहेब म्हणाले, देवाची इच्छा.

मी रस्त्यापर्यंत धावले. कशाला धावले? पिकअप केव्हाच गेली होती.

९ फेब्रुवारी

कोळशाची पेटती शेगडी, उकळतं पाणी, पाठीवर बाळ. शहरातला रस्ता, बाजूनं सुसाट मिनीबस. आणि ही पोर आवाज येतो तिकडे पाय टाकणारी! तिथल्या वाटा तिच्या पायांना कुठे माहीत आहेत?

बाळाला काही झालं तर मार हिलाच. आणि हिला काही झालं तर?

चिरवानं बहिणीचा नंबर दिला, एवढंच. रिंग जाते, उचलत नाहीत.

१० फेब्रुवारी

फोन बंद.

१४ फेब्रुवारी, शनिवार

मझुझूला जाऊन आले. अंग चिंब, पाय चिखलानं जड. विचारत विचारत घर सापडलं. दाराला कुलूप!

शेजारीण दारात मका सोलत होती. तिनं मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. "तुम्ही कोण?"

"या घरी आलेल्या मुलीची बाई. शाळेतली."

"गेली तिची आत्या. बाळ पाठीवर, पोरीच्या हातात गाठोडं. राजधानीच्या, लिलोंग्वेच्या बसमध्ये चढताना बघितलं मी."

"लिलोंग्वेला? कशाला?"

"मला काय सांगते ती! नवरा दूर दक्षिणेकडे खाणीत कामाला. कुणाला विचारून जायचं तिला?" मग आवाज खाली आणून म्हणाली, "शहरात कामाला पोरी लागतात, मॅडम. लोक मागतात. नातेवाईकच देतात."

परतताना मिनीबसमध्ये एकच विचार. बाळासाठी नेलीच नव्हती का? दुसऱ्या कुणाच्या घरात नेऊन सोडली?

१६ फेब्रुवारी

चौकीत गेले. हवालदार खुर्चीतून हलला नाही. "आत्याबरोबर गेली ना? बापानं पाठवली ना? मग हरवली कशी?"

चिरवाला सांगितलं. त्याचा चेहरा पडला, पण म्हणाला, "माझी बहीण आहे ती." दोनदा म्हणाला. दुसऱ्यांदा मला नाही, स्वतःला म्हणाला.

२० फेब्रुवारी

आज वर्गात गेले नाही. ताप नाही, काही नाही. गेले नाही.

२३ फेब्रुवारी

गेले.

एकेकाला दारात उजेडाकडे उभं केलं, हनुवटी वर केली, डोळ्यांत बघितलं. सगळ्या वर्गाच्या. पोरींना मान वर करताना लाज वाटत होती. मी म्हटलं, "बघा माझ्याकडे. शाळेत बघायचं. इथे खाली बघितलं तर मी रागावेन." सेकानीनं डोळे इतके फाडून दाखवले की पोरं हसली. मला हसू आलं नाही.

बाकी सगळ्यांचे डोळे चांगले आहेत. ज्या एकीचे नव्हते, ती नाही.

२७ फेब्रुवारी

न्यामुंथालीनं आज पातेल्याशी हाक मारली. आता टोमणा येणार म्हणून मन घट्ट करून गेले. तिनं एक टोपलं पुढे केलं. मक्याचा बारीक कोंडा, भिजवून, शिजवून, घट्ट मळलेला.

"पेजेत घालत नाही मी हा. तुमच्या पोरांना द्या, वळू द्या. खाल्ला तरी कुणी मरत नाही." मग चुलीत फुंकर घालत, माझ्याकडे न बघता, "टोवेराचं काही कळलं?"

"नाही."

"एस्नातची पोर आहे. चिवट आहे."

मी टोपलं घेतलं. वर्गात वाटलं. 'टी' मात्र शिकवता येईना. 'एस'वर गेले.

५ मार्च, गुरुवार

मधल्या सुट्टीत फोन. टोवेराची आत्या!

"मॅडम, तुमचे किती मिसकॉल! इथे वॉर्डात फोन बंद ठेवायला लावतात. लिलोंग्वेला आहोत, डोळ्यांच्या हॉस्पिटलात. नाताळात गावी आले होते तेव्हा हिचे केस विंचरताना मान वर केली, तेव्हाच दिसलं मला. डोळ्यांचं नाव काढलं असतं तर भावानं सोडली असती का? म्हणून बाळाचं निमित्त सांगितलं. तुम्ही त्याला सांगा आता, मला धीर होत नाही. थांबा, ती फोन मागतेय. काल ऑपरेशनची पट्टी सोडली एका डोळ्याची..."

मी खाली बसले, तिथेच, पोरांमध्ये.

"मॅडम?" मागे बाळ रडत होतं, कुणीतरी त्याला जोजवत होतं. "मॅडम, तुम्ही दिसता कशा?"