यानावरची लाल खूण

अंजू,

मेंढरं घेऊन धर्मापुरीकडं निघालोय. आठ दिवसांनी येईन. तवर तुझं यान टेम्पोत घालून तू पुण्याला कामाला गेली असशील. परवा त्या कामावरनं मी नको ते बोललो, तवापासून तू गप हायस, म्हणून उठवलं न्हाई.

निघताना शेडात तू सिनेमासाठी बनवलेलं ते यान बघायला गेलतो. बटण दाबलं तर पोटाखाली लाइटीच लाइटी! लई वेळ वाकून बघत बसलो. इंजिनं पाण्याच्या पायपाची, ते कळलं. कोंबड्यांच्या खुराड्याची जाळीबी वळखली. पण दार कुठं घावलं न्हाई. आतली माणसं चढत्यात कुठनं?

एक चूक केली. शेपटाकडं आपल्या मेंढरांची लाल खूण वढली, दोन बोटांनी. तू आठ दिवस घासून राखाडी रंग दिलता, ठावं हाय. पण आपलं मेंढरू दुसऱ्याच्या कळपात गेलं, की लोक त्या खुणेवरनंच वळखून माघारी आणून देत्यात.

नको असली तर पूस. रंग अजून वला हाय.

आबा