साशा, शूरा आणि आलेक्सांद्र

३ जानेवारी १९३४
आमच्या शाळेतला भूगोलाचा मास्तर धोंडप्पा रशियन शिकतोय. माझ्याहून नऊ वर्षांनी लहान. लंडनहून पुस्तक मागवलंय: विद्यार्थ्यांसाठी रशियन गोष्टी, खाली इंग्रजीत टिपा, शेवटी शब्दार्थ. हेडमास्तरांनी ते सगळ्यांसमोर हातात घेऊन पाहिलं. मी अकरा वर्षं इंग्रजी शिकवतो. माझ्या हातातलं पुस्तक कुणी कधी पाहिलं नाही. मत्सर नाही. नुसती नोंद.

४ जानेवारी
रशियन पुस्तक म्हणून पोलीस जप्त करतील असं वाटलं होतं. फौजदाराने चाळून परत दिलं. चित्रं छान आहेत म्हणाला म्हणे. सोलापूरचे पोलीस पूर्वीसारखे राहिले नाहीत.

९ जानेवारी
धोंडप्पाकडे पुस्तक मागितलं. लगेच दिलं. वर सल्ला: "टिपा आधी वाचा की, मास्तर." टिपा पोरांसाठी असतात.

११ जानेवारी
'पी' छापलाय तिथे 'आर' म्हणायचं. 'एन' उलटा. छापखान्याला पत्र लिहावं काय? संकल्प: रोज पहाटे दोन पानं.

१५ जानेवारी
काल संक्रांत. पहाटे उठणं झालं नाही. एकूण अर्धं पान.

१७ जानेवारी
हेडमास्तरांना सांगून टाकलं, स्नेहसंमेलनात रशियन गोष्टीचं माझं भाषांतर वाचणार. धोंडप्पा शेजारीच होता. त्याला आनंद झाला. सोंग!

२५ जानेवारी
भाषांतर तयार. शब्दार्थांत सापडलं ते घेतलं, बाकी अनुभवाने भरलं. आलेक्सांद्र, साशा आणि शूरा असे तीन भाऊ, एकाच मुलीवर तिघांचा जीव. लग्न साशाशी होतं. उरलेल्या दोघांचं काय झालं हे लेखक विसरला. मी त्यांना पलटणीत धाडलं.

२८ जानेवारी
वाचलं. टाळ्या. हेडमास्तरांनी धोंडप्पाला दोन शब्द बोलायला सांगितलं. तो उठेना. मीच आग्रह केला. चाचरत म्हणाला, "गोष्ट लई रंगली. पण ते तिघं भाऊ नाहीत. माणूस एकच, बाकीची त्याची लाडाची नावं. पहिल्या पानावर टीप आहे की."
सभा हसत सुटली. बायकांत बसलेली माझी पत्नी गौरम्मासुद्धा. वाटेत म्हणाली, "धोंडप्पाची आई त्याला धोंडू म्हणते. मग तुम्ही त्यांना दोघं धरता काय?"

२९ जानेवारी
रजा. ताप असावा.

५ फेब्रुवारी
गौरम्माने परस्पर रशियनची शिकवणी ठरवली. संध्याकाळी धोंडप्पाच्या ओसरीवर चटईवर बसलो. त्याने पाटीवर पहिलं अक्षर काढलं. 'अ'. दिसायला इंग्रजी 'ए'च.
ते मला येत होतं.