चिकूच्या इंधनाचा उतारा

१२ जानेवारी, सकाळी ६.१०
संकल्प : गळलेल्या चिकूंपासून इथेनॉल. १ मार्चला बोईसरच्या कॉलेजात ‘टाकाऊतून ऊर्जा’ स्पर्धा आहे. परवाने वगैरे कॉलेज बघणार. शेजारच्या वाडीतला ललित गेल्या वर्षी पहिला आला. तेव्हापासून आमची बायको दमयंती रोज जेवताना त्याचं कौतुक करते. माझ्या छातीत जळजळतं. पित्त असावं.
यंदा ती माझं कौतुक करणार. तारापूरच्या कारखान्यात सव्वीस वर्षं बॉयलर सांभाळलाय. वाफेतलं मला कोणी शिकवू नये.

१९ जानेवारी
चाळीस किलो चिकू पिंपात कुस्करले, यीस्ट घातलं. फसफसेना. चिकू कच्चे निघाले. ललित त्याच्याकडचे गळलेले वेचायला लागला, म्हणून मी घाईत झाडावरचेच तोडले. चूक त्याची.

२ फेब्रुवारी
दुसरं पिंप फसफसलं. कुकर, तांब्याची नळी, गॅसची शेगडी. दिवसभरात तांब्याभर पाणचट द्रव. काडी लावली, काडीच विझली. पुन्हा उकळणे.
ललितने खड्डा खणलाय. शेण आणि सडके चिकू घालून गॅस करणार म्हणे. खड्डा कोणीही खणतं.

११ फेब्रुवारी, दुपारी
तिसऱ्यांदा उकळलं. पहिला सिलिंडर संपला. दमयंतीने विचारलं, गॅस जाळूनच इंधन करायचं तर गॅसच का नको? विज्ञान तिचा प्रांत नाही.
वाडीत कामाला येणारी बुधी म्हणाली, “काका, येवड्या गॅसवर माज्या घरी दोन महिने भात शिजला असता. ह्या कपभरात काय व्हनार हाय?” उद्यापासून तिला टोकाच्या झाडांवर पाठवायचं.
संध्याकाळी दमयंती ललितकडे चहा पिऊन आली. खड्ड्याच्या गॅसवरचा. वास येत होता का, मी सहज विचारलं. नव्हता म्हणाली, आणि वर हसली. पित्ताची गोळी घेतली.

२७ फेब्रुवारी
दुसरा सिलिंडरही गेला. पण पाऊण लिटर तयार. चमचाभर पेटवलं, निळी ज्योत. डोळ्यांत पाणी आलं. ललितला दिसावी म्हणून मुद्दाम कुंपणापाशी पेटवली होती. तो घरी नव्हता.

१ मार्च, संध्याकाळी
परीक्षकांनी बाटली उचलून पाहिली. म्हणाले, छान, उतारा किती? मी तयारीत होतो. फाइलमधून सातबाराचा उतारा काढून दिला, तलाठ्याच्या सहीशिक्क्याचा. मंडप हसला. त्यांना विचारायचं होतं, किती ऊर्जा घालून किती निघाली. मी म्हटलं, मन लावून घातली. मंडप पुन्हा हसला.
तेव्हा ललित शेजारून वाकला. त्याने माझे सिलिंडर मोजलेले होते, कुंपणावरून सगळं दिसतं. कानात म्हणाला, “काका, घातले साडेतीनशे युनिट, निघाले चार. तुमीच सांगा, मी सांगितलं असं वाटायला नको.” मी तेच मोठ्याने सांगितलं. प्रामाणिकपणाबद्दल टाळ्या पडल्या. पहिला नंबर ललितचा.
येताना रिक्षात दमयंतीने ललितचं नाव काढलं नाही. आमच्या चिंचणीपर्यंत एकदाही नाही. शेवटी मीच म्हटलं, बोल की त्याच्याबद्दल काहीतरी.
“जाऊ दे हो,” ती म्हणाली, “तुम्ही दमला असाल.”