डाव्या दारावरचे ओरखडे

मी, यमनाप्पा सिद्राम हावळ, धंदा विणकाम, राहणार वडगाव, बेळगाव, हे मृत्युपत्र माझ्या मर्जीने आणि माझ्याच हाताने लिहून ठेवत आहे. बुद्धी शाबूत असल्याचा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. कोणाचाही दबाव नाही. माझी पत्नी ताराबाई हिला तर हा खटाटोपच नको आहे.

एक. राहते घर माझ्यामागे ताराबाईचे. ती असेपर्यंत त्यात कोणी वाटणी मागू नये. तिच्यानंतर ते मुलगा मंथन आणि सून रक्षा यांचे.

दोन. दोन्ही यंत्रमाग मंथनला. माझ्या वडिलांच्या हातमागाचा धोटा विकू नये, देव्हाऱ्यात ठेवावा. बँकेत जे असेल ते ताराबाईचे. तिने ते यात्रेला घालवावे की सोन्यात, यात मंथनने तोंड घालू नये.

तीन. निपाणीचे माझे मेहुणे देवाप्पा यांस माझी तंबाखूची पितळी डबी, जिच्या झाकणाला आतून आरसा आहे. गाडी घ्यायला त्यांनीच मला भरीस घातले आणि चालवायलाही त्यांनीच शिकवले. "म्होरं बघतो त्यो डायव्हर, मागं बघतो त्यो भित्रा," एवढेच त्यांचे शिक्षण. निदान तंबाखू मळताना तरी त्यांनी आरशात बघावे.

चार. पांढरी गाडी. हे कलम लांबणार आहे, कारण मृत्युपत्र मी याच्याचसाठी करतो आहे.

आमची गल्ली अरुंद. एका अंगाला कट्टे, दुसऱ्या अंगाला गटार, आत गाडी वळवायला जागा नाही. म्हणून इथे जो तो गल्लीच्या तोंडाशी बाहेरचे आरसे मिटवतो आणि गाडी उलटी आत घेतो. मीही तेच करत आलो. निपाणीच्या बाजारात एकदा मागच्या सीटवरून साड्यांचा गठ्ठा चोरीला गेला, तेव्हापासून मधला आरसा मी गठ्ठ्यांकडे वाकवून ठेवला. मोठ्या रस्त्याला लागलो की बाहेरचे आरसे उघडायचो, पण तेही आपल्याच दारांकडे वळवून, कोणी घासून जाऊ नये म्हणून. म्हणजे तिन्ही आरसे मालमत्तेची राखण करत होते आणि रस्ता बघायला एकही नव्हता.

गल्लीच्या तोंडाशी ताराबाई खाली उतरायची आणि गाडीच्या मागच्या डाव्या अंगाला हात लावून घरापर्यंत चालायची. दोन्हीकडे माग खडखडत असतात. तिचे "येऊ द्या, येऊ द्या" मला कधी ऐकू आले नाही. मी अंदाजाने गाडी घ्यायचो आणि स्वतःवर खूश असायचो.

मागच्या आठवड्यात निपाणीला माल देऊन परतलो. गाडी आत घेताना मागचे चाक जरा उचलले गेले. दगड असेल म्हणून मी आणखी जोर दिला. गाडी लावली, घरात येऊन पाय धुतले. पाठोपाठ ताराबाई उंबऱ्यात आली. एका पायात चप्पल, दुसरा पाय अनवाणी.

"दुसरी चप्पल कुठं हाय?" मी विचारले.

"चाकाखाली. गटाराच्या कडंला पाय अडकला, तवर चाक आलं. पाय तेवढा निसटला बघा. च्या ठेवू?"

तिने खरोखरच चहा ठेवला. मी बाहेर जाऊन चप्पल पाहिली. अंगठा फाटला होता आणि टाचेवर टायरची नक्षी उमटली होती. मी तिथेच कट्ट्यावर बसलो. चहा निवून गेला. बायकोच्या पायाला मी दगड समजलो होतो.

रक्षा माहेरीच गाडी शिकली आहे. दुसऱ्या दिवशी तिने मला आणि ताराबाईला मैदानात नेले. आरसे माझ्या सवयीप्रमाणे ठेवून मला स्टिअरिंगवर बसवले आणि म्हणाली, "मामा, मान वळवू नका. नुसतं आरशात बघून सांगा, आत्या कुठं हाईत?"

मला सीट दिसली, डावे दार दिसले, उजवे दार दिसले. ताराबाईने हिरवीगार इरकल नेसली होती, ती कुठेच दिसेना. "गेली कुठं?" मी ओरडलो.

"हितंच हाय की वो!" आवाज अगदी दोन हातांवरून आला.

मग रक्षाने आरसे लावले. मधला असा, की मागची काच पूर्ण दिसावी. उजव्यासाठी डोके खिडकीला टेकवायचे आणि आपल्या गाडीची कड जेमतेम दिसेल इतका आरसा बाहेर वळवायचा. डाव्यासाठी डोके गाडीच्या मध्यावर आणून तसेच. सरळ बसले की आपली गाडी दिसेनाशी होते आणि शेजारचा रस्ता दिसू लागतो. ताराबाई मागून चालत पुढे आली. मधल्या आरशातून डाव्या आरशात, तिथून थेट खिडकीत. तरीही वळण्याआधी मान फिरवून बघायचेच, असे रक्षाने बजावले.

तेव्हा गाडी ताराबाईच्या नावे आणि किल्ली रक्षाकडे. ही वाटणी आजपासूनच, माझ्या मरणाची वाट बघू नये. मी असेपर्यंत स्टिअरिंगला दुसऱ्याचा हात लागणार नाही, असे चारचौघांत म्हणालो होतो, तो शब्द मागे घेतो. यापुढे गाडी गल्लीत आणू नये. तोंडाशी लावावी, गठ्ठे डोक्यावरून न्यावेत.

पाच. मागच्या डाव्या दारावरचे ओरखडे शेजारीण मालुबाई यांच्या शेळीने पाडले, असे मी वर्षानुवर्षे म्हणत आलो आणि त्यावरून भांडलोही. शेळी निर्दोष होती. ती आता हयात नाही, म्हणून मालुबाईंना आमच्या मागावरची एक चांगली साडी द्यावी. ओरखडे बांगड्यांचे आहेत. काल मी ताराबाईला विचारले, गाडीला हात लावून कशाला चालायचीस?

ती म्हणाली, "मी तुमाला दिसत न्हाय, ते मला पयल्यापास्नं ठावं हुतं. हात लावला की गाडी कुणीकडं वळाय लागलिया ते कळायचं. न्हायतर कवाच गेले असते की."

"मग सांगायचं न्हाय व्हय?"

"सांगत हुते की. माग चालू हुते."

सहा. गाडी कधी रंगवायला दिली, तर ते दार तेवढे रंगवू नये.

सही: यमनाप्पा सिद्राम हावळ
ठिकाण: वडगाव, बेळगाव
दिनांक: ९ जानेवारी २०२५

साक्षीदार: वरील मजकूर यमनाप्पांनी आम्हाला वाचून दाखवला आणि आमच्या समक्ष सही केली. सही करण्याआधी त्यांनी बाजूला उभ्या असलेल्या पत्नीला समोर येऊन बसायला सांगितले, आणि ती बसेपर्यंत पेन उचलले नाही.

१. जोतिबा परशराम बुचडी
२. तेजस्वी अनिल सुळेभावी