वर्गात लागलेली झोप

प्रिय ताई,

हे पत्र मी पाठवणार नाही. वाचलंस तर हातातलं काम टाकून पहिल्या गाडीने येशील.

विद्यापीठात आल्यापासून मला झोपच येत नव्हती. इथे सगळ्यांना सगळं कळतं, मीच चुकून आत शिरलेय, असं वाटायचं. पुस्तकातली अक्षरं पाण्यावरून तरंगत लांब जायची. सोमवारी सगळं सोडून घरी यायचं ठरवलं. शेवटचा तास म्हणून वर्गात बसले आणि बाईंच्या संथ आवाजात कधी डोळा लागला, कळलंच नाही.

जाग आली तेव्हा उन्हं बाकांवर उतरली होती. वर्ग रिकामा होता. शेजारच्या बाकावर बाई शांतपणे पेपर तपासत होत्या.

"उठवलं का नाहीत?" मी ओशाळून विचारलं.

"सगळ्यांना चपला हातात घेऊन बाहेर जायला सांगितलं," त्या हसल्या. "झोपेत 'घरी जायचंय' म्हणत होतीस. खरंच जावंसं वाटतंय ना?"

मला रडूच कोसळलं. त्यांनी समजूत घातली नाही, हातातले पेपर बाजूला ठेवले. मग म्हणाल्या, "जायचं तर जा. पण आधी एकदा, कळलं नाही तर कळलं नाही म्हण."

आज मी भर वर्गात हात वर केला. "बाई, मला हे कळलं नाही."

मागून पाच-सहा आवाज एकदम आले, "आम्हालाही नाही!"

तुझी,
धाकटी